सतराव्या क्रमांकाची कोरी जागा

सकाळी सव्वानऊ वाजता ‘आंबेखार शिमगोत्सव’ या व्हॉट्सॲप ग्रुपवर पीडीएफ आली आणि नऊ वाजून सतरा मिनिटांनी भागोजीतात्या मांदाडकरांची खात्री पटली, की गावात कट शिजतो आहे. मधली दोन मिनिटं चष्मा शोधण्यात गेली होती. नाहीतर कट आणखी लवकर उघडकीला आला असता.

पीडीएफमध्ये देवीच्या पालखीचा कार्यक्रम होता. वर देवीचा फोटो, खाली त्रेचाळीस घरांची यादी. क्रमांक, घरमालकाचं नाव, पालखी यायची वेळ. सोळा नंबरला शेजारच्या कोकिळावहिनी, दुपारी बारा वीस. अठरा नंबरला पलीकडचा गणराज, दुपारी एक. मध्ये सतरा. सतरा हा आकडा होता, बारा चाळीस ही वेळ होती, नाव नव्हतं. नावाच्या जागी नुकताच चुना काढल्यासारखी पांढरीशुभ्र जागा होती. म्हणजे पालखी बारा चाळीसला कुठेतरी जाणार होती हे नक्की. कुणाकडे, तेवढं गुपित ठेवलं होतं.

तात्यांनी फोन तिरका केला. उन्हात धरला. दोन बोटांनी ती जागा मोठी करून पाहिली, तर ती मोठी पांढरी जागा झाली.

“सत्यवती,” त्यांनी पडवीतून आत हाक मारली, “आपल्याला काढलं.”

“कुठनं?”

“यादीतनं.”

आत परातीत भाकरी थापल्याचा आवाज येत होता, तो थांबला. आवाज पुन्हा सुरू व्हायला जरा वेळ लागला.

हा आवाज का थांबला ते सांगायला हवं. तात्या एसटीत तिकीट तपासनीस होते. निवृत्त होऊन सहा वर्षं झाली होती, पण कागदोपत्रीच. देवळात प्रसाद घेतानासुद्धा ते आधी पुढच्या माणसाच्या हाताकडे बघायचे, याला दोनदा मिळाला की काय. तर एकोणीस वर्षांपूर्वी, शिमग्याच्या तोंडावर, गावचे मानकरी दादू गायकर देवीची चांदीची रूपं, म्हणजे मुखवटे, उजळून घेऊन बोर्लीहून एसटीनं परत येत होते. रूपं पत्र्याच्या ट्रंकेत होती आणि ट्रंक शेजारच्या सीटवर होती. वाटेत तात्या चढले. दादूंचं तिकीट होतं. ट्रंकेचं नव्हतं.

“हिच्यात देवी हाय,” दादू म्हणाले.

तात्यांनी यावर प्रामाणिकपणे विचार केला. “मंग हे लगेज न्हाय,” ते म्हणाले. “प्रवासी झाली. पूर्ण तिकीट लागंल.”

आणि त्यांनी दंडाची पावती फाडली. गावचा माणूस म्हणून सोडलं असं कुणी म्हणू नये, एवढाच त्यांचा हेतू. तसं कुणी म्हटलंही नाही. पण त्या वर्षापासून पालखी कोकिळावहिनींच्या अंगणातून निघायची ती तात्यांचं अंगण ओलांडून थेट गणराजच्या अंगणात. भांडण नाही, तंटा नाही. लग्नाकार्याची बोलावणी यायची, आजारपणात लोक विचारपूस करायचे. फक्त देवी यायची नाही.

एकोणीस वर्षं सत्यवती खण-नारळाचं ताट घेऊन कोकिळेच्या अंगणात जायची आणि परक्या दारात उभी राहून देवीची ओटी भरायची. तिनं त्यावरून नवऱ्याला एकदाही बोल लावला नव्हता. तात्यांना त्याचाही संशय यायचा.

यंदा माघातल्या बैठकीत दादूंनीच तोंड उघडलं होतं. “चेकरच्या दारात बी जाऊंदे यंदा. त्याचं सोडा, बायमाणसाचा काय गुन्हा?” सगळे बरं म्हणाले. मुंबई मंडळाचा सेक्रेटरी रितेश घणसोलीला राहतो. तो म्हणाला, क्रम दादूआजोबांच्या डोक्यात असतो आणि आम्हाला रजा तासांच्या हिशेबानं मिळते, तेव्हा यंदा यादी वेळेसकट छापूनच टाकू. अशी त्रेचाळीस घरांची यादी झाली. डिझाईनचं काम बोर्ली पंचतनला नुरुद्दीनच्या दुकानात दिलं, कारण देवळापुढचा फ्लेक्सही तिथेच छापायचा होता. तात्या त्यानंतर स्वतः बोर्लीला गेले, कॉम्प्युटरपुढे तासभर बसले आणि आपलं नाव आपल्या देखरेखीखाली नीट बसवून घेऊन आले. नाव होतं. त्यांनी या डोळ्यांनी पाहिलं होतं.

तपासनीसाला एक तिकीट बघून भागत नाही, अख्खी गाडी बघावी लागते. तात्यांनी शर्ट चढवला, खिशाला पेन लावलं, एक जुनी वही काखेत मारली आणि ते कोकिळेच्या अंगणात उतरले.

“वहिनी, फोन बघू.”

“का ओ भावजी? माझ्या फोनात काय हाय? नातीचे फोटो हायेत.”

नातीचे फोटो बघावे लागले. मग पीडीएफ उघडली. सतरा नंबरला साध्या, सरळ अक्षरांत लिहिलेलं होतं: श्री. भागोजी धोंडू मांदाडकर.

तात्यांना आनंद व्हायला हवा होता. त्यांना धक्का बसला.

“तुमच्यात हे कसं काय आलं?”

“तुमचंच नाव हाय ना? मंग?”

“तेच इचारतोय. तुमच्यात हाय नि माझ्यात न्हाय, असं कसं?”

“माझा फोन चांगला आसंल,” कोकिळा म्हणाली आणि हसली.

तात्यांनी वहीत नोंद केली: ‘कोकिळा. नाव आहे. विचारल्यावर हसली.’

गणराजच्या फोनात नावाच्या जागी चौकोनांची रांग होती, गाडीला काचा लावल्यासारखी. ‘गणराज. चौकोन. नजर चुकवली.’ गणराज त्या वेळी म्हशीचं दूध काढत होता आणि त्याची नजर म्हशीवर असणं म्हशीच्या दृष्टीनं गरजेचं होतं. पण वहीत तेवढं लिहायला जागा नव्हती. दादूंचा नातू सुजित याच्या फोनात जागा साफ कोरी. तात्यांनी ‘कोरं’ या शब्दाखाली दोन रेघा मारल्या. घणसोलीला रितेशला फोन लावला, तर तो म्हणाला, “तात्या, नुरुद्दीनच्या आफरानं मला दुकानातनं स्क्रीनचा फोटो पाठवला होता ना, त्यात दिसतंय की तुमचं नाव! काय भारी दिसतंय, एकदम लग्नपत्रिकेसारखं!” तात्यांनी लिहिलं: ‘रितेश. गोड बोलतो.’

दुपारपर्यंत बावीस फोन झाले. नऊ फोनांत नाव, पाचांत चौकोन, आठ कोरे. तात्यांनी पडवीत बसून सिद्धांत मांडला. नाव आहे ते आपल्या बाजूचे. कोरे ते विरोधी. चौकोन ते दोन्हीकडून जेवणारे. सिद्धांत देखणा होता, अडचण एकच होती. त्यांचा स्वतःचा फोन कोरा होता, म्हणजे ते स्वतः विरोधी पक्षात होते.

तेव्हा फोनाशी कुणीतरी खेळलं असणार. फोन घरातच असतो. घरात माणसं दोन.

“गेल्या हप्त्यात माझ्या फोनाला हात कुणी लावला?”

“मी,” सत्यवती म्हणाली. “हळद लागली होती, पुसला.”

“कशानं पुसला?”

सत्यवतीनं त्यांच्याकडे नीट पाहिलं. “पदरानं. आता पदर बी तपासा.”

पदराचा तपास तात्यांनी तूर्त राखून ठेवला आणि चार वाजता ग्रुपवर बोलून निरोप टाकला. “ज्या कुणी सतरा नंबर पुसलाय त्यानं दोन दिवसांत समोर यावं. माझ्याकडं बावीस फोनांचा पुरावा हाय. मी काय बोलत न्हाय म्हंजे मला कळत न्हाय असं न्हाय.”

या निरोपानं जे व्हायचं ते झालं. मुंबईकर म्हणाले, गाववाल्यांनी आयत्या वेळी यादीत हात घातला. गाववाले म्हणाले, फाईल मुंबईच्या ताब्यात होती, आमच्याकडे कुणाला कॉम्प्युटर येतो? कुणीतरी मागच्या वर्षीच्या मंडपाचा विषय काढला. कुणीतरी त्याच्या आदल्या वर्षीच्या बेंजोचा काढला. संध्याकाळपर्यंत सात जण ग्रुप सोडून गेले आणि पुढे काय झालं ते बघायला त्यातले पाच परत आले. अखेर सुजितच्या फोनवरून दादूंचा आवाज आला. दादू फोनशी बोलताना समोर पाचशे माणसं असल्यासारखे बोलतात.

“ह्या कागदानं गावात कालवा झाला. रविवारी देवळात बसू. यादी नको नि बिदी नको. पालखी आधी जशी फिरत होती तशीच फिरंल!”

तात्यांनी तो निरोप तीनदा ऐकला. आधी जशी. आधी जशी म्हणजे सतराशिवाय.

सत्यवतीनं आठ दिवसांपूर्वीच हिरवा खण आणून स्वयंपाकघरातल्या फळीवर काढून ठेवला होता. तिनं दादूंचा आवाज आतून ऐकला, खण फळीवरून उचलला आणि घडी न मोडता कपाटात ठेवला.

“कोकिळेला इचारून ठेवते,” ती म्हणाली, “तिच्या अंगणात यंदा किती बायका हायेत ते. मागल्या खेपेला गर्दी झाली होती.”

तात्यांनी आयुष्यभर भांडखोर प्रवाशांना तोंड दिलं होतं. रडणाऱ्यांना दिलं होतं, चालत्या गाडीतून उड्या टाकणाऱ्यांना दिलं होतं. हे वाक्य नुसतं सोयीचं होतं, त्याला कुठून धरावं ते त्यांना कळेना. शनिवारी सकाळच्या गाडीनं ते बोर्लीला निघाले. गुन्हेगार जिथे तयार झाला तिथेच सापडणार होता.

नुरुद्दीन कुवेतहून परत आल्यावर त्यानं हे दुकान टाकलं. झेरॉक्स, लॅमिनेशन, लग्नपत्रिका, फ्लेक्स. आता कॉम्प्युटरवर त्याची मुलगी आफरा बसते. तात्या आत येताच नुरुद्दीननं समोरच्या टपरीवर एक चहा सांगितला.

“एकच?” तात्यांनी विचारलं. “तू का घेत न्हाईस?”

“रोजे चालू आहेत, तात्या.”

तात्यांनी चहाकडे पाहिलं, नुरुद्दीनकडे पाहिलं आणि रस्त्यावरची समोरची मशीद पाहून ते कारण मान्य केलं. वही त्यांनी टेबलावर ठेवली.

“आफरा, खरं सांग. सतरा नंबर पुसायला तुला कुणी सांगितलं?”

“कुणी नाही, काका. पुसलेलाच नाही. हा बघा.”

पडद्यावर नाव होतं, झुपकेदार, ऐटीत. तात्या पुढे वाकले.

“म्हंजे दुकानात हाय नि गावात न्हाय. वाटेत कुणी उतरवलं?”

“वाटेतच उतरलं, पण कुणी उतरवलं नाही.” आफरानं पीडीएफ उघडून माहितीची एक खिडकी काढली. “हे बघा. फाईल बनते तेव्हा तिच्यात जी अक्षरं वापरली, म्हणजे जो फॉन्ट वापरला, तो सोबत बांधून द्यावा लागतो. शिदोरीसारखा. मग समोरच्याच्या फोनात तो नसला तरी अडत नाही. बेचाळीस घरांचा फॉन्ट हा. ह्याच्यापुढे लिहिलंय, सोबत आहे. सतरा नंबरचा हा दुसरा. ह्याच्यापुढे काहीच लिहिलेलं नाही. म्हणजे तो सोबत गेलाच नाही.”

“मंग कोकिळेच्या फोनात कुठनं आलं?”

“त्या फोनानं आपल्याकडचं साधं अक्षर घातलं. काही फोनांना ते जमतं. काहींना नाही जमत, ते चौकोन काढतात. बाकीचे जागा मोकळी सोडतात.”

तात्यांनी वही उघडली. नऊ, पाच, आठ. सगळं बसत होतं. इतकं बसत होतं की त्यांना ते आवडलं नाही.

“बेचाळीस घरं शिदोरी घेऊन गेली नि माझंच उपाशी ऱ्हायलं. का?”

“तुमचं अक्षर वेगळं आहे म्हणून.”

“वेगळं का हाय? कुणी सांगितलं वेगळं करायला? नाव सांग त्याचं.” तात्यांनी पेनाचं टोपण काढलं.

आफरानं मान वर केली. नुरुद्दीननं लॅमिनेशनचं मशीन बंद केलं.

“काका,” ती हळू आवाजात म्हणाली, “तुम्हीच.”

तात्यांचं पेन हवेत राहिलं. त्या तासभराच्या बैठकीत काय झालं होतं ते आता त्यांना एकेक करून आठवू लागलं, आणि ते काही त्यांच्या बाजूचं नव्हतं. सगळ्यांसारखं अक्षर त्यांना जरा सपाट वाटलं होतं. एकोणीस वर्षांनी देवी येणार आणि नाव काय, त्रेचाळिसांत एक? त्यांनी आफराला एकामागून एक फॉन्ट दाखवायला लावले होते आणि शेवटी हा निवडला होता, प्रत्येक वेलांटीला शेपूट असलेला. तिनं तेव्हाच बजावलं होतं की हा नेटवरून नुसता बघायला उतरवलेला आहे. त्यावर ते म्हणाले होते, “मंग बघू दे की गावाला.”

“बनवणाऱ्यानं त्याला कुलूप घातलंय,” आफरा सांगत होती. “इथे लावून बघा म्हणतो, पण विकत घेतल्याशिवाय फाईलसोबत बाहेर जाऊ देत नाही.”

हे मात्र तात्यांना एका झटक्यात कळलं. “म्हंजे पास हद्दीपुरता. हद्द ओलांडली की खाली उतरवला.”

“अगदी तसंच.”

“मंग उतरवला ते बराबर केलं,” तात्या म्हणून गेले आणि म्हटल्यावर त्यांना कळलं की आपण कुणाला उतरवलं.

“एवढं काय त्यात,” नुरुद्दीन म्हणाला. “कर्व्ह करून टाक. फ्लेक्सवाले सगळे तेच करतात.”

“कर्व्ह म्हंजे?”

“अक्षराचं चित्र करायचं,” आफरानं सांगितलं. “मग फॉन्ट लागतच नाही. सगळ्या फोनांत सारखं दिसतं.”

“आणि चित्र झाल्यावर कुणाला ते बदलता येतं?”

“कुणालाच नाही.”

“दादूला?”

“नाही.”

“रितेशला? तो फार शिकलेला हाय.”

“मलासुद्धा नाही, काका.”

तात्यांच्या डोळ्यांपुढे सतरा नंबर उभा राहिला. शेपटीसकट, कुणाच्या बापाला न पुसता येणारा. ते स्वप्नच होतं.

“पण कुलूप आहे ते आहेच,” आफरा म्हणाली. “पुढच्या दारानं सोडत नाहीत म्हणून मागच्या दारानं चढल्यासारखं होईल. मी तुम्हाला नाही म्हणणार नाही. सांगते फक्त.”

तात्यांनी ‘कर’ म्हणायला दोनदा तोंड उघडलं. दोन्ही वेळा आतला तपासनीस मागच्या दारापाशी येऊन उभा राहिला. चहा गार झाला.

“सगळ्यांसारखं कर,” शेवटी ते म्हणाले.

तिनं नाव निवडलं, एक कळ दाबली, आणि शेपट्या गेल्या. नाव कोकिळेच्या नावासारखंच दिसू लागलं, गणराजच्या नावासारखंच. मग तिनं पीडीएफ नव्यानं काढली, माहितीची खिडकी उघडून एकच फॉन्ट उरलाय आणि तो सोबत आहे हे तात्यांना दाखवलं, फाईल आधी वडिलांच्या फोनात आणि मग तात्यांच्या फोनात उघडून पाहिली. नाव होतं.

“हे मी आधीच करायला हवं होतं,” ती म्हणाली. “दुसऱ्याच्या फोनात बघितल्याशिवाय पाठवायला नको होतं. उद्या बैठकीत सांगा, आफरानं घाई केली. चूक दुकानाची.”

तात्यांनी डोळे बारीक केले. चूक आपणहून अंगावर घेणारा माणूस त्यांना अख्ख्या नोकरीत भेटला नव्हता.

“ह्यात तुझा काय फायदा?”

“फ्लेक्स छापायचाय, काका. तुमचा निकाल लागेपर्यंत मशीन अडकलंय.”

कारण पटण्यासारखं होतं आणि दिलेली सूट तर फारच सोयीची होती. परतीच्या गाडीत, खिडकीपाशी बसून, तात्यांनी ती सूट सगळीकडून दाबून पाहिली तेव्हा ती एका जागी मऊ लागली. चूक दुकानाची म्हटली, की कागद खोटा ठरतो. कागद खोटा ठरला, की दादू म्हणणार, बघा, मी सांगत नव्हतो? आणि पालखी आधी जशी. कागद खरा आहे, दुकान खरं आहे, मुंबई खरी आहे आणि गाव खरं आहे, असं सगळं सिद्ध झालं तरच सतरा नंबर टिकणार होता. आणि ते सगळं खरं ठरलं, तर खोटा म्हणून एकच माणूस उरत होता.

त्यांनी बसल्या बसल्या त्या माणसाच्या बचावाचा बराच विचार केला. गाव आलं तरी काही सापडलं नाही.

रविवारी देवळाच्या सभामंडपात गाव बसला होता. रितेश आणि मुंबईचे पाच-सहा जण पहाटेच निघून आले होते आणि एका खांबापाशी गट करून बसले होते; गाववाले दुसऱ्या खांबापाशी. बायका मागे. तात्या वही घेऊन उभे राहिले.

“तपासणी अहवाल,” त्यांनी वाचायला सुरुवात केली. “तपासलेले एकूण फोन बावीस. पैकी नाव असलेले नऊ, चौकोन पाच, कोरे आठ.”

“आरं, निकाल सांग!” कुणीतरी ओरडलं.

“अहवालात निकाल शेवटी आसतो.” तात्यांनी पान उलटलं. “कागदात खोट न्हाय. दुकानात खोट न्हाय. मुंबईनं काय केलं न्हाय. गावानं काय केलं न्हाय. सतरा नंबरच्या मालकानं...”

“म्हंजे तूच की!”

“सतरा नंबरच्या मालकानं,” तात्या वहीतून डोकं वर न काढता म्हणाले, “दुकानात तासभर बसून स्वतःच्या नावाला परवाना नसलेलं शोभेचं अक्षर लावून घेतलं. सबब सदर नाव फाईलमंदी चढलं न्हाय. मालक दोषी हाय.”

मग मागे कोकिळेला हसू फुटलं आणि ते पुढे पुढे येत दोन्ही खांबांपाशी पोचलं. “तरीच मला लग्नपत्रिका वाटली!” रितेश गणराजच्या पाठीवर थाप मारत म्हणाला. गणराजशी तो चार दिवसांत पहिल्यांदाच बोलत होता.

दादू हसले नाहीत. त्यांनी काठी जमिनीवर टेकवली.

“कशापायी लावलंस ते अक्षार?”

हा प्रश्न वहीत नव्हता. “उठून दिसावं म्हणून.”

“कुणाला?”

तात्यांनी मागे पाहिलं. सत्यवती खांबाच्या आड बसली होती, तिचा फक्त गुडघा दिसत होता.

“देवीला,” ते म्हणाले. “एवढ्या वर्षांनी येतीया. घर वळखू आलं पायजे ना.”

यावर कुणी हसलं नाही. दादूंनी काठीच्या मुठीवरून अंगठा फिरवला.

“भागोजी,” ते म्हणाले, “देवीला वाचता येत न्हाय. तिला कुठं जायचं ते मी सांगतो.” मग गावाकडे वळून, “यादी हाय तशी ऱ्हाऊंदे. सतरा नंबर ऱ्हाईल. आणि पुन्हा कुणी त्या फोनात भांडलात तर बघा.”

बैठक उठल्यावर देवळाच्या पायऱ्यांवर तीन जणांनी तात्यांना वेगवेगळं बाजूला घेऊन हळूच विचारलं, ते अक्षर कुठं मिळतं.

पालखीच्या दिवशी तात्या अकरापासून अंगणाच्या बेड्याशी, म्हणजे फाटकापाशी, उभे होते. नवी पीडीएफ त्यांनी सव्वीस फोनांत तपासली होती. फ्लेक्सवरची नावं प्रत्यक्ष जाऊन मोजली होती. बारा चाळीस झाले. पालखी तेव्हा नऊ नंबरला होती, कुणाचा तरी नवस निघाला होता. एक वाजला, दोन वाजले. “मुद्दाम,” तात्या म्हणाले. सत्यवती हिरव्या खणाचं ताट मांडीवर घेऊन पायरीवर बसली होती. तिनं सकाळपासून काही खाल्लंही नव्हतं.

सव्वातीनला पालखीपुढे वाजणारा खालुबाजा कोकिळेच्या अंगणात शिरला. तात्यांनी घड्याळ लावलं. देवी तिथे बारा मिनिटं होती. मग पालखी उठली, बेड्यातून बाहेर पडली, आणि तात्यांच्या दारावरून तशीच सरळ पुढे चालू लागली.

पहिली चार पावलं तात्यांना काहीच वाटलं नाही, इतकं ते अपेक्षित होतं. पाचव्या पावलाला ते मागे वळले. पायरीवर सत्यवती उभी राहिली होती आणि ताटातला नारळ थोडा गडगडला.

“आरं ए मुडद्यांनो!” मागून दादूंची काठी पुढच्या खांदेकऱ्याच्या पोटरीवर बसली. “कुठं चाललाव?”

“गणराजकडं,” पोरगा दचकून म्हणाला. तो एकवीस वर्षांचा होता. त्याला समज आल्यापासून कोकिळेनंतर गणराजच येत होता.

“सतरा! सतरा कुठं गेला?”

सगळी पालखी, बाजा, निशाण, मागची पोरंबाळं, अरुंद वाटेत एकमेकांच्या पायांवर पाय देत मागे फिरली आणि वळून तात्यांच्या अंगणात आली. सत्यवती पुढे झाली. तिनं हळद-कुंकू लावलं, खण ठेवला, नारळ ठेवला, तांदूळ घातले. मग खण जरा वाकडा वाटला म्हणून उचलून पुन्हा नीट ठेवला. बाजेवाले थांबून राहिले. दादूंनी कुणाला घाई करू दिली नाही. तिनं हात जोडले आणि ती काहीतरी बोलली. काय, ते तात्यांना ऐकू आलं नाही. ऐकायला ते पुढे सरकणार तेवढ्यात दादूंनी त्यांच्या दंडाला धरलं.

“घड्याळ काय बघतोस? खांदा दे.”

तात्या दांड्याखाली गेले. शेजारी गणराज आला. बाजा वाढला आणि पालखी नाचू लागली. खांद्यावर दांडा आला की मान एकाच बाजूला राहते, मागचं काही दिसत नाही. मागे कोण मनापासून नाचतंय आणि कोण उरकून घेतंय, सत्यवती कुठे उभी आहे, कोकिळेच्या दारापेक्षा इथे वेळ कमी तर देत नाहीत, यातलं त्यांना काही तपासता येईना. त्यांनी दोनदा मान वळवायचा प्रयत्न केला.

“तात्या, पुढं बघा!” गणराज कानात ओरडला. “पाय चुकतोय तुमचा.”

तात्यांनी खाली बघितलं. पाय खरंच चुकत होता.